पाणी तापेपर्यंत

चष्म्याच्या दुकानात फरशीवर काय काय सांडलेलं असतं, ते मूल रांगायला लागेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. दांडीतले स्क्रू, तिळाएवढे. नाकावर टेकणाऱ्या रबरी टिकल्या. काच घासताना उडालेल्या कपच्या. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आमचा गाणी ऐकायचा क्लब तिथे भरतो, आणि आम्ही पोचायच्या आत चष्मेवाले काका दोरीला लोहचुंबक बांधून, कुत्र्याला फिरायला नेल्यासारखे ते सगळ्या दुकानातून ओढत हिंडतात. केवळ माझ्या मुलीसाठी. तरी मी गेल्या गेल्या मोबाइलचा टॉर्च लावून काउंटरखाली वाकतेच. रबर आणि काच चुंबकाला चिकटत नाहीत, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

काकांना त्याचा राग येत नाही. बघून घे, म्हणतात, माझ्या डोळ्यांचा मलाच भरवसा नाही. वैतागते ती ताई.

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती आहे, आणि तिथलं पान तिच्यावाचून हलत नाही. पोरं चिवट असतात, हे तिचं आवडतं वाक्य. मुलीच्या नाकाखाली बोट धरून मी श्वास बघत होते, तेव्हा एकदा तिनं मला पकडलं आणि म्हणाली, "अगं, ती झोपली आहे. तू तिला तपासणीला नाही पाठवलेलं." मुलीला ढब्बू हे नावही तिनंच पाडलं. खरं नाव आम्ही दोघांनी पुष्कळ डोकं खाजवून निवडलं होतं. ते आता फक्त लसीच्या कार्डावर उरलंय.

क्लब आमचा चौघांचा. काका, ताई, मी आणि भूगोलाच्या बाई. बाईंनी ताईला शाळेत शिकवलंय, त्यामुळे त्या आत आल्या की लॅब हलवणारी माझी नणंद खुर्चीतून अर्धी उठते आणि मग आपण उठलो हे लक्षात येऊन उशीच सारखी करते. ॲपवर आमची एक सामायिक यादी आहे. चौघांपैकी कुणीही तीत गाणं टाकू शकतं, काढू शकतं, वरखाली करू शकतं. तिला आम्ही डबा म्हणतो, कारण प्रत्येकानं आपापल्या घरचं आणायचं आणि सगळ्यांनी खायचं. दर खेपेला एक विषय ठरतो, प्रत्येकानं एक गाणं टाकायचं, आणि मग काकांच्या मोठ्या स्पीकरवर ती सगळी ओळीनं ऐकायची.

ऐकून झाल्यावर छान आहे किंवा बकवास आहे असं म्हणायला बंदी. ही काकांची अट. गिऱ्हाईक आरशासमोर उभं असताना मी 'छान दिसतंय' म्हणालो की ते ताबडतोब चष्मा काढून ठेवतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते फक्त विचारतात, कुठे बसतोय, कुठे टोचतोय. तसंच गाण्याचं. प्रत्येकानं त्या गाण्यातली एक जागा सांगायची, जिथे आपण थांबलो ती. बाकी काही नाही.

मध्यंतरी माझ्या फोनमुळे डब्यात भलतंच शिरलं होतं. ढब्बूला झोपवायला मी त्याच ॲपवर आवाज लावते. पंख्याचा, पावसाचा, लांबून येणाऱ्या वॉशिंग मशीनचा. एकदा फोन तिच्या हातात राहिला आणि तिनं बोटं मारता मारता वॉशिंग मशीन डब्यात टाकलं. क्लबला पत्ताच नाही. सगळे गंभीर चेहऱ्यानं ते ऐकत बसले, मीसुद्धा, कारण मला वाटलं हे बाईंचं काहीतरी प्रायोगिक असणार. शेवटी बाईंनी त्यात जागाही सांगितली. म्हणाल्या, पाणी भरायचं थांबतं आणि आता काय होणार कळत नाही, तिथे मी थांबले.

ताई इतकी हसली की तिला उचकी लागली. पण पुढच्या खेपेला पंखा आला, त्याच्या पुढच्या खेपेला पाऊस, आणि मग तिनं जाहीर केलं की यापुढे बैठकीच्या आदल्या दिवशी डबा ती स्वतः तपासून साफ करणार. लॅबमधली सवय. तिथे ज्या नळीवर नाव नाही, ती नळी ताई उघडूनही बघत नाही, सरळ फेकते. कुणाचं रक्त कुणाच्या नावावर जाण्यापेक्षा परत सुई टोचलेली बरी, असं तिचं मत आहे, आणि ते चुकीचं आहे असं मला कधी वाटलं नाही.

या खेपेचा विषय तिनंच दिला होता. एखाद्या बँडमधल्या माणसानं बँड बाजूला ठेवून, आपलं आपण केलेलं गाणं. विषय सांगताना ती कुणाकडे बघत नव्हती, ढब्बूच्या मोज्याची नाडी बांधत होती. तरी मला वाटून गेलं की हे माझ्यासाठी आहे. मला असं पुष्कळदा वाटतं, आणि बहुतेक वेळा तसं नसतं.

मी बँडमध्ये होते. कॉलेजात सुरू झाला आणि नंतरही टिकला, तसा एक बँड. त्यात मी दुसरा आवाज होते. म्हणजे पुढे एक मुलगी गायची आणि मी तिच्या डाव्या हाताला उभी राहून तिच्या सुराखाली सूर लावायचे. लोकांना तो वेगळा ऐकू येत नाही. तो नसला तर मात्र काहीतरी कमी आहे, एवढं कळतं. पोट दिसायला लागल्यावर तालमीला जाणं कमी झालं, तेव्हा घरून आवाज भरून पाठव म्हणून बँडचा एक माईक माझ्याकडे आला. मग ढब्बू आली. मग त्यांना दुसरी मुलगी मिळाली, डाव्या हाताला उभी राहणारी. कुणी वाईट वागलं नाही. फुलं पाठवली, बाळाला टोपडं पाठवलं. माईक तेवढा राहिला, कपड्यांच्या कपाटात, साड्या आणि कोटांच्या मधोमध, कारण तिथे खोलीचा घुमारा येत नाही.

त्या माईकसमोर मी एक गाणं केलं होतं. केलं म्हणायचं म्हणजे, ते दुपारी ढब्बूच्या बाटलीचं पाणी तापेपर्यंत होत गेलं. तिला भूक लागली की दम धरवत नाही, आणि किटली काही तिच्या रडण्यानं लवकर तापत नाही. मग मी गुणगुणायचे. रोज तेच, थोडं पुढे सरकवत. एक दिवस किटली उचलून कपाटाशेजारच्या खणावर ठेवली, दार उघडलं, माईक सुरू केला आणि सगळंच भरून घेतलं. सुरुवातीला बराच वेळ नुसती किटलीची सूं आहे. मग मी येते. शेवटी किटली टक् करून बंद पडते, त्यानंतरही माझी एक ओळ उरते, आणि ती ओळ थोडी हलली आहे. ती कापून टाकावी असं मला फार वाटत होतं. कापायला बसले की ढब्बू उठायची.

विषय ठरला त्याच आठवड्यात बँडच्या ड्रमरचा निरोप आला. माईक लागतोय, येऊन घेऊन जाईन; दिवस सांगितला तो नेमका क्लबच्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. साधा निरोप होता, शेवटी बाळाला पापा वगैरे. मी तो इतक्या वेळा वाचला की नवऱ्यानं विचारलं, कुणी गेलं का. त्यानं माईकची वायर छान गोल गुंडाळून ठेवली. छापखान्यात काम करतो, त्याला वस्तू जिथल्या तिथे लागतात. "द्यायचा असेल तर दे," म्हणाला, "नसेल द्यायचा तर माग. मधेच काय अडकून बसायचं?" त्याला हे सोपं वाटतं. मागायचा तर कशासाठी, हे सांगावं लागणार होतं. मी घरी गाते म्हणून? घरी सगळेच गातात.

तेव्हा मी मनाशी एक ठरवलं. गाणं ॲपवर टाकायचं, दुसऱ्याच नावानं, आणि तिथून ते डब्यात. कोणी टाकलं ते ॲप दाखवतंच, त्यामुळे निवड माझी आहे हे कळेल, पण गाणारी मी आहे हे कळायचं कारण नाही. ताईनं मला बँडमध्ये ऐकलं होतं, पण दुसरा आवाज वेगळा कोण ओळखतं? चौघांत बसून ते ऐकायचं. आणि मी आहे हे माहीत नसताना त्यातली एक जरी जागा कुणी सांगितली, तर ड्रमरला सांगायचं की माईक मला हवाय, आणि का हवाय तेही सांगायचं. नाही सांगितली, तर माईक पिशवीत भरून द्यायचा, गाणं ॲपवरून पुसायचं आणि किटली स्वयंपाकघरात परत न्यायची.

गायिकेच्या नावाच्या जागी मी 'दुसरी खोली' असं लिहिलं. ढब्बू आतल्या खोलीत असते आणि मी सदैव कान लावून दुसऱ्या खोलीत, म्हणून. गाण्याला नावच सुचेना. शेवटी 'पाणी' एवढंच लिहिलं, डब्यात टाकलं, आणि त्यानंतर डबा उघडून पाहिला नाही. धीर झाला नाही.

सुट्टीच्या सकाळी काउंटरखाली मला एक रबरी टिकली सापडली. एरवी मी ती सगळ्यांना दाखवली असती. त्या दिवशी मुकाट्यानं खिशात टाकली.

ढब्बू ताईच्या मांडीवर होती. बाईंनी नेहमीप्रमाणे डोळे तपासायची खुर्ची पटकावली होती, समोर अक्षरांचा तक्ता. काकांनी पहिलं गाणं लावलं, ते त्यांचंच होतं. एका दणदणीत बँडच्या ड्रमरनं म्हातारपणी केलेलं, पियानोवर, आणि तेही जवळजवळ एका बोटानं. काका म्हणाले, ज्यानं आयुष्यभर चार हातांनी वाजवल्यासारखं वाजवलं, तो एका बोटावर आला. बाईंनी जागा सांगितली: दोन सुरांच्या मध्ये तो श्वास घेतो, तो ऐकू येतो.

मग बाईंचं गाणं. एका बँडचा मागचा गिटारवाला, दौऱ्यावर असताना हॉटेलच्या खोल्यांत बसून रेकॉर्ड करायचा, आणि तेही टोपणनावानं. ताईला ते टोपणनाव खटकलं. एवढं चांगलं आहे तर नाव लपवायचं कशाला, असं तिचं म्हणणं. बाई म्हणाल्या की कदाचित त्याला बघायचं असेल, आपल्या बँडचं नाव काढून घेतलं तर काय उरतं. मी माझ्या चहाच्या कपाकडे बघत राहिले.

काकांनी चष्मा नाकावर सारखा केला. मग म्हणाले, "चष्मा लावणारा माणूस चष्मा काढतो ना, तेव्हा नाकावर दोन खळगे दिसतात. ही गाणी तशी असतात. माणूस एकटा दिसतो, पण बँड कुठे टेकलेला होता ते त्याच्यावर दिसतं."

ढब्बूनं तेवढ्यात काकांचा चष्मा ओढला, तेव्हा त्यांच्या नाकावरचे खळगे आम्ही सगळ्यांनी खरोखरच पाहिले.

तिसरं गाणं ताईचं होतं. एका जोडीतल्या एकीनं, जोडी मोडल्यावर, दोघींचेही सूर स्वतःच भरून केलेलं. दोन्ही आवाज तिचेच. मला ते ऐकवेना. दुसऱ्या आवाजाच्या जागा कुठे येणार हे मला आधीच कळत होतं, आणि त्या बरोबर तिथेच येत होत्या. माझ्यावर जागा सांगायची वेळ आली तेव्हा मी जी तोंडाला आली ती सांगितली.

आता माझं. मी ढब्बूची बाटली, पावडरचा डबा, रुमाल असं सगळं पिशवीत उगाच खालीवर केलं. काकांनी फोनवर बोट फिरवलं, परत फिरवलं, आणि म्हणाले, "संपलं की. तीनच आहेत."

म्हणजे ऐकलं होतं. कुणीतरी आधीच ऐकलं होतं आणि काढलं होतं. सगळ्यांसमोर लावायच्या लायकीचं नाही म्हणून, माझी शोभा होऊ नये म्हणून, गुपचूप. मी आळीपाळीनं तिघांचे चेहरे बघितले. बाई तक्त्यावरची खालची ओळ वाचायचा प्रयत्न करत होत्या. काका चष्मा पुसत होते. ताई ढब्बूच्या तळपायावर फुंकर घालत होती. कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि मला वाटलं, किती नीट लपवतायत.

"हो, तुझं कुठाय?" ताई म्हणाली. "टाकलंच नाहीस तू. तुझ्या लेकीनं मात्र टाकलं होतं. काल काढलं मी. या वेळी पाणी उकळत होतं."

काका हसले. बाई म्हणाल्या, अरेरे, मला ऐकायचं होतं. आणि मी हसणाऱ्यांत सामील झाले, कारण तो हसण्याचा क्षण होता. माझ्या डोक्यात सगळं भराभर जागच्या जागी बसत होतं. तिनं सुरुवात ऐकली. सूं. गाणारीचं नाव असं की जे कुणाचंच नाव वाटत नाही, गाण्याचं नाव 'पाणी', टाकणारा फोन माझा. पंखा, पाऊस, वॉशिंग मशीन, पाणी. नाव नसलेली नळी. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

खरं तर सुटले होते मी. विसरले म्हणायचं, चहा संपवायचा, घरी जायचं. माझं ठरलेलं होतं तेही मोडलं नसतं, कारण कुणी जागा सांगितली नाही हे खरंच होतं. उद्या संध्याकाळी माईक जाईल. मी तोंड उघडलं ते 'विसरले' म्हणायलाच.

"ते माझं होतं," मी म्हणाले. "मीच टाकलेलं. ढब्बूनं नाही."

ताईचा हात थांबला. "पाणी उकळायचं?"

"पुढे गाणं आहे."

"कुणाचं?"

ते मात्र मला सांगता आलं नाही. एका बाईचं, म्हणाले, तीही आधी बँडमध्ये होती. ताईनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग ती काहीशी चिडूनच काकांना म्हणाली की घ्या परत, आणि स्वतःच काकांच्या फोनवर शोधून ते लावलं.

सूं सुरू झाली. मोठ्या स्पीकरवर किटली म्हणजे एखादं विमान लांबून यावं तशी वाटत होती. फ्रेम लावलेल्या काचेच्या फळ्या अगदी बारीक थरथरल्या. काका डोळे मिटून बसले. मी बघत होते ताईकडे, आणि त्यामुळे पुढचं मला सगळ्यांच्या आधी दिसलं.

ढब्बू ताईच्या बोटातल्या अंगठीशी खेळत होती. ती थांबली. मान वर केली. स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचं तोंड उघडलं, बाटली समोर आली की उघडतं तसं. स्पीकरमधून माझा आवाज आला तशी ती दोन्ही हात माझ्याकडे करून उड्या मारायला लागली. तिच्या जगात या आवाजानंतर दूध येतं. रोज येतं. आज येईना. पहिल्या कडव्याच्या मध्यापर्यंत तिनं कशीबशी कळ काढली, आणि मग असा टाहो फोडला की बाईंनी खुर्चीचे हात धरले.

"भूक लागली वाटतं," काका म्हणाले.

"आत्ता तर पाजलं होतं," ताई म्हणाली. मग तिनं ढब्बूकडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बँडमध्ये माझा आवाज तिनं ओळखला नसता. पण भाचीची नजर कुठे जाते, तेवढं तिला बरोबर कळतं. "अगं," ती अगदी हळू म्हणाली, "तू आहेस ही."

गाणं चालूच होतं आणि त्यातलं एक अक्षर कुणाला ऐकू येत नव्हतं. मी उठले. दुकानाच्या मागे पडद्याआड काकांची छोटी मोरी आहे, तिथे त्यांची किटली. पाणी भरलं, खटका दाबला, ढब्बूला कडेवर घेतलं. ती ऐकायला तयार नव्हती, आणि ही किटली घरच्या किटलीपेक्षा म्हातारी. तिकडे स्पीकरवर गाणं संपलं, दुकान शांत झालं, आणि ढब्बूला तर ते शांत होणं मुळीच मान्य नव्हतं. मग करणार काय? मी गायले. मोरीत उभी राहून, पडद्याआड, रोजच्यासारखं. तिघं जण पलीकडे बसलेत हे मला माहीत होतं. पण ढब्बूचं रडणं हुंदक्यांवर आलं होतं, आणि एकदा ते तिथवर आलं की मधे थांबून चालत नाही.

किटली टक् झाली. मी बाटली तयार केली, मनगटावर थेंब टाकून पाहिला, परत एकदा पाहिला. पडदा सारून बाहेर आले तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. काका फरशीकडे बघत होते. बाईंनी रुमालानं नाक पुसलं आणि त्यांना सर्दी नव्हती.

जागा सांगायची वेळ होती. बाई म्हणाल्या, मोरीतल्या गाण्याची सांगितली तर चालेल का. ताई म्हणाली, नाही. नियम डब्यातल्या गाण्याचा आहे, आणि डब्यातलं कुणालाच ऐकू आलेलं नाही. "मी अशी अंदाजानं जागा सांगणार नाही," ती म्हणाली. मग बाटली चोखणाऱ्या ढब्बूच्या टाळूवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाव लिहायचं गं. बिननावाचं माझ्याकडे टिकत नाही, तुला माहितीये ना?"

तिला वाईट वाटलं होतं. मी म्हणाले, चूक माझीच. ती म्हणाली, ते आहेच.

घरी आल्यावर नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो इतका हसला की ढब्बूही हसायला लागली, आणि हसून झाल्यावर त्यानं विचारलं, "म्हणजे आता माईक राहणार की जाणार?" मी म्हणाले, कुणी जागा सांगितलेली नाही. कसली जागा, तो म्हणाला, आणि मी त्याला माझं मनाशी ठरलेलं सांगितलं नाही. माईक कपाटातून काढला, पुसला, कापडी पिशवीत घालून दारामागच्या खुंटीला अडकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढब्बू नुकतीच झोपली होती. माझं नाकाखाली बोट धरून झालं होतं. ताईचा फोन आला. ती लॅबमधून दुपारचा फोन कधी करत नाही, त्यामुळे आधी मला वाटलं, कुणाचा तरी रिपोर्ट वाईट आला. मागे तिथल्या यंत्राची घरघर ऐकू येत होती, ज्यात रक्ताच्या नळ्या गरगर फिरवतात.

जेवता जेवता ऐकलं, म्हणाली. कानात घालून. पूर्ण. मग म्हणाली की सुरुवातीची सूं फारच लांबली आहे, निम्मी कर, माणूस तिथेच सोडून देतो, मी नव्हतं का सोडून दिलं. मधल्या कडव्यात तेच शब्द दोनदा आलेत. मी हूं हूं करत होते. मला ताप आल्यासारखं झालं होतं. पंख्याबद्दल आणि पावसाबद्दल ती असं कधी बोलली नव्हती.

"आणि एक," ती म्हणाली. "तू सगळं गाणं किटलीच्या सुराखाली लावलंयस. कळलं होतं का तुला? किटली वर चढते तशी तू चढतेस. कुणाच्या तरी डाव्या हाताला उभी असल्यासारखी."

मला कळलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

"मग ती टक् होते. तिथून पुढे एक ओळ आहे बघ. किटली नाही, कुणी नाही. जरा हललीयस तू तिथे." यंत्र थांबलं असावं, कारण तिचा आवाज एकदम जवळ आला. "ती माझी जागा. ती तेवढी कापू नकोस."

मग तिनं विचारलं, ढब्बू काय करतेय, आणि मी झोपली म्हणताच, श्वास बघितलास ना, असं विचारून, माझ्या उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

मी नाकाखाली परत एकदा बोट धरलं. मग ड्रमरला निरोप लिहिला. माईक मला हवाय, मी माझी गाणी करतेय, तुमची सोय होईपर्यंत आठवड्यातून एक दिवस येऊन नेत जा. शब्द एकदा वाचले आणि पाठवले. त्याचं उत्तर लगेच आलं. बरं, पण मग ऐकव तरी. त्याखाली ढब्बूला पापा.

खुंटीवरची पिशवी काढली. माईक साड्या आणि कोटांच्या मध्ये परत लावला. ढब्बूची बाटली मी आधीच भरून, टोपण घट्ट बसलंय हे दोनदा पाहून, तिच्या उशाशी ठेवली होती, म्हणजे ती उठली तरी कशाची घाई नव्हती. मग स्वयंपाकघरात गेले, किटली नळाखाली धरली. रोज मी ती बाटलीपुरती भरते.

आज काठोकाठ भरली, आणि कपाटाशेजारी नेऊन खटका दाबला.